एकाहत्तर टक्के

मिरजेच्या एका प्रयोगशाळेत सकाळपासून सहाव्यांदा जुन्या लॅपटॉपवरची निळी पट्टी एकाहत्तर टक्क्यांवर अडली आणि मागे सरकत शून्यावर आली.

खुर्चीतल्या मंदारबुवांनी डोळे उघडले. समोर मुलगी दिसताच प्रसन्न हसले. "झाली तपासणी? ओवी, रेणूला बोलाव. संध्याकाळी देवीपुढे कीर्तन आहे, सूर जुळवून घेऊ." कोपऱ्यात पेटी होती, स्मृती तपासायला म्हणून घरून आणलेली.

ओवीने सहाव्यांदा त्यांचा हात हातात घेतला. "अण्णा, आश्विन नाही हा. चैत्र चाललाय. आई माघात गेली."

बुवा रडले. त्यांच्यापुरतं ते पहिल्यांदाच होतं.

फरीदा शिकलगार लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसली होती. पक्षाघातानंतर बुवांच्या मेंदूत बसवलेला स्मृतिसेतू अकरा वर्षं तीच सांभाळत होती. सेतू बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. त्याच्याशी बोलणारी प्रणाली आता या एकाच लॅपटॉपवर चाले. परवा सेतूच्या परवान्याची मुदत संपणार होती. त्याआधी नवं अद्यतन चढलं नाही, तर बुवांची वाचा आणि ओळख, दोन्ही जाणार.

"डिस्क रिकामी केली, घड्याळाचा सेल बदलला, केबल बदलली," फरीदा म्हणाली. "आता या डब्याला ओवाळायचंच बाकी आहे."

"पण दर वेळी मागे का जातं?"

"अर्धवट अपडेट मेंदूत ठेवता येत नाही, ओवीताई. अडलं की शेवटचा जपलेला क्षण परत चढतो. परतबिंदू. बुवांचा आश्विनातला आहे, तेव्हा काकू होत्या. आणि सेतूत दोन बिंदू मावत नाहीत. नवा लिहायचा तर जुना पुसायलाच हवा."

बोलता बोलता ती कंपनीची जुनी पुस्तिका चाळत होती. एका पानावर थांबली.

"हा बिघाड नाहीये."

"मग?"

"एकाहत्तरला सेतू माणसाला आतून विचारतो, जुना बिंदू पुसू का? गोष्ट मेंदूतली, म्हणून परवानगी त्याचीच. दर वेळी पडद्यावर येणारा हा क्रमांक म्हणजे नकार. बुवा नाही म्हणतायत. मग मागे जातात, आणि नाही म्हटल्याचंही विसरतात."

बुवा उपरण्याने डोळे पुसत होते.

"समजावू या ना त्यांना."

"सकाळी पहिल्या खेपेला त्यांना सगळं माहीत होतं. दोन महिने सोसलं होतं. तरी नाहीच म्हणाले."

"आणि सांगितलंच नाही तर?" ओवीने विचारलं.

फरीदाने पुन्हा अद्यतन सुरू केलं.

सातव्यांदा पट्टी मागे आली. बुवांनी डोळे उघडले, हसले, रेणूला बोलाव म्हणाले. नारदाच्या गादीवरून जन्मभर खरं बोला म्हणून सांगणाऱ्या त्या माणसाला ओवी म्हणाली, "आई वाटेत आहे, अण्णा. तोवर हे उरकू."

"बरं."

सत्तर. एकाहत्तर. बहात्तर. पट्टी भरली.

"आली का?" बुवांनी विचारलं.

सहा वेळा सांगितलं, तेव्हा ते पुसलं जायचं. आता सांगितलं की ते कायमचं राहणार. ओवी उठली, पेटीशी बसली आणि त्यांच्या गाण्याचा सूर, काळी दोन, धरला.

बुवांनी डोळे मिटून कान दिला.

"रेणू आधी भाता निम्मा भरते, मग पट्टी दाबते. हा हात तुझा आहे." डोळे उघडून म्हणाले, "कधी गेली?"

"माघात."

या वेळी ते रडले नाहीत.

"मघाशी आतून कुणीतरी विचारलं, आश्विन पुसू का? मी म्हटलं, पूस की. रेणू येतेच आहे."

ओवीने सवयीने लॅपटॉपकडे पाहिलं. पट्टी भरलेली होती. मागे सरकत नव्हती.