जाळीचा डोळा

प्रेसखाली पत्रा दाबला जातो तेव्हा आवाज येतो तो खणखणीत. खण्ण. कारखान्याच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्यांना त्याची इतकी सवय होते की झोपसुद्धा मोडत नाही. पण आमच्या रेघ्याने फार वर्षांपूर्वी एकदा वेगळाच आवाज ऐकला होता. मऊ. धप्प... आणि मागून काहीच नाही. तो त्याच्या कानातून कधी गेला नाही. पोरांनो, हे इकडून तिकडून आलेलं नाही, त्याच्या तोंडचं आहे. आणि रेघ्या खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. निदान त्या रात्रीनंतर तरी नाही.

रेघ्या कारखान्यात मशिनींची ड्रॉइंग काढायचा. दिवसभर रेघा, म्हणून रेघ्या. कागद केव्हाच गेले होते. ब्राउझर उघडला की ड्रॉइंग समोर. मालक घरून, मशिन बनवणारा त्याच्या वर्कशॉपमधून, सगळे एकाच वेळी त्यात हात घालायचे. प्रत्येकाचा बाण वेगळ्या रंगाचा आणि बाणाला नाव चिकटलेलं. प्रेस चालवायचे त्याचे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या टॅबलेटवर नाव रेघ्यानेच थट्टेने घातलं होतं, 'भाऊजी'. बाण लाल.

नवी प्रेस बनायची होती तेव्हा एक दिवस हा लाल बाण पत्रा दाबणाऱ्या ठोकळ्याच्या पुढ्यात येऊन गोल गोल फिरला. मागोमाग फोन. इथे जाळी पाहिजे बरं का, मेव्हणे, हात गेला तर तुमच्या ताईच्या हातचं जेवू कशाने? रेघ्या हसला आणि त्याने जाळी काढून दिली. भाऊजींनी त्या रात्री घरी बायकोलाही सांगितलं, आता काळजी नाही, तुझ्या भावाने जाळी दिलीय.

आता असं असतं, की ड्रॉइंगला थर असतात, काचेवर काच ठेवावी तसे. सांगाडा एका थरावर, बोल्ट दुसऱ्यावर, जाळी तिसऱ्यावर. प्रत्येक थरापुढे बारीकसा डोळा काढलेला. तो मिटला की थर लपतो. पुसला जात नाही, नुसता दिसत नाही, आणि एकाने मिटला की सगळ्यांनाच दिसत नाही. जाळीमागची मापं दिसेनात म्हणून रेघ्याने डोळा मिटला. मापं घातली. आणि ड्रॉइंग तसंच पाठवून दिलं.

प्रेस आली ती बिनजाळीची. भाऊजी म्हणाले, काय मेव्हणे, जाळी विसरलात की मालकाने खाल्ली? बघतो म्हणून रेघ्या माडीवरच्या ऑफिसात गेला. बघतो तर डोळा मिटलेला. लगेच खाली जाऊन मशिन थांबवायला हवं होतं. पण कोणत्या तोंडाने सांगायचं, या विचारात तो चहाचा कप हातात घेऊन बसून राहिला. तेवढ्यात खालून तो आवाज आला.

भाऊजींचे दोन्ही हात कोपरापर्यंत गेले होते. टॅबलेटचा चुरा हाडांत मिसळला होता. ठोकळा वर घेतला तेव्हा... जाऊ दे. दिवस मावळायच्या आत ते गेले. डुलकी लागली असेल, असं सगळे म्हणाले. रेघ्या काहीच म्हणाला नाही.

ताईचा मुलगा कामाला लागण्याएवढा झाला. ती जुनी प्रेस भंगारात गेली. मग डिसेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, जेवणं आटोपल्यावर, मालकाचा फोन आला. पहिल्यासारखीच दुसरी प्रेस करायची आहे, तुझा भाचाच चालवील, तेच ड्रॉइंग आता पाठवून दे. काम म्हटलं तर एवढंच. रेघ्या ताईकडेच राहायचा, वरच्या खोलीत. खाली ताई भांडी आवरत होती. भाचा झोपला होता.

रेघ्याने ड्रॉइंग उघडलं. डोळा अजून मिटलेलाच. उघडावा, तर उद्या सगळे विचारणार, ही जाळी इतकी वर्षं कुठे होती? ताई विचारणार. पोरगं जपून काम करतं, जाळी मागाहून बसवून घेऊ, अशी त्याने मनाची समजूत घातली. पाठवायच्या खुणेवर बाण नेला.

कोपऱ्यात लाल बाण आला.

भाऊजी.

रेघ्या बघत राहिला. बाण ठोकळ्याखाली गेला. रेघ काढू लागला. एक बोट. दुसरं. मग पंजा. करंगळी वाकडी... रेघ्याची करंगळी वाकडी होती.

त्याने टेबलावरचा उजवा हात उचलला. उचलला गेला नाही. मनगट कुणीतरी धरलं होतं. गार. मशिनच्या तेलाचा वास आला.

"भाऊजी..."

पडद्यावर ठोकळा खाली सरकला.

धप्प.

टेबलावर काही नव्हतं. वर काही नव्हतं. तरी दोन बोटं चपटी झाली. नखं फुटून उडाली. हाड कातडीबाहेर आलं. रेघ्या ओरडला, पण मनगट सुटलं नाही. ठोकळा वर गेला. थांबला. पुन्हा खाली... आता पुरा पंजा.

डाव्या हाताने त्याने चाचपडत डोळा शोधला. उघडला.

ठोकळ्याच्या आणि हाताच्या मधे जाळी उभी राहिली. ठोकळा तिच्यावर आदळला. घर हादरलं. मनगट सुटलं.

त्याने आधी काय केलं असेल, तर डाव्या हाताने ड्रॉइंग पाठवलं. जाळीसकट.

ताई धावत वर आली. रक्त बघून तिने पदर फाडला, बोटं घट्ट बांधायला घेतली. मग तिची नजर पडद्यावर गेली.

"ही त्यांनी मागितलेली जाळी ना?"

"हो."

"मग मशिनवर का नव्हती?"

रेघ्याने सांगितलं. डोळा, मापं, चहाचा कप. सगळं.

 

"कसं लपवलंस?" ताई म्हणाली. "दाखव मला."

डाव्या हाताने त्याने डोळा दाबला. मिटला नाही. पुन्हा दाबला. मग ताईने स्वतः दाबून बघितला. नाही मिटला. त्याच्यावर लाल बाण टेकलेला होता, हालत नव्हता. ताईने बोट काचेवर तसंच ठेवलं. बाणाच्या नावावरून ते हळूच फिरवलं, कुणाचं कपाळ पुसावं तसं.

मग तिने भावाच्या बोटांवरची गाठ पक्की केली, उठली, आणि जिना उतरून गेली.