वृत्ती वजा जाता

निवड केंद्रात अनघा कारखानीसला भलताच मान होता. बाकी सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनीअर, आणि ही बाई काय करायची, तर टेबलावर फासे टाकून काल्पनिक राज्यांचा खेळ घ्यायची! पण शनीच्या चंद्रावर कोणी जायचं, ते याच खेळावरून ठरत होतं. प्रत्येक उमेदवाराने एक वृत्तिपत्ता उचलायचा, सज्जन, स्वार्थी किंवा दुष्ट, आणि त्या वृत्तीचं पात्र होऊन खेळायचं. वर टांगलेला वृत्तिमापक सगळं टिपून घ्यायचा.

पत्ते पिसायचं काम अनघाचं. तिथेच तिने घात केला. उमेदवारांत तिचा धाकटा भाऊ निषाद होता. तिचं आडनाव सासरचं, त्यामुळे नातं कुणाला कळलं नव्हतं. आईबाबा आणि नवरा गेल्यावर तिला त्याच्याशिवाय कोणी नव्हतं आणि मोहीम जाऊनयेऊन वीस वर्षांची. हा गेला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? तिने हातचलाखी करून दुष्टाचा पत्ता त्याच्यापुढे सरकवला. दिलेली भूमिका जीव ओतून करायची, ही निषादची लहानपणापासूनची खोड. तो मनापासून दुष्टपणा करील आणि यंत्र त्याला बाद करील, अशी तिची अटकळ.

झालं भलतंच. गावाच्या विहिरीत विष कालवायची वेळ आली, तेव्हा निषाद फासे मुठीत धरून बसून राहिला. मग ओशाळं हसला. “नाही जमत बुवा. खोटीखोटी असली तरी माणसंच ना ती!”

वृत्ती मोडणं हा तर या खेळातला मोठा गुन्हा. दुष्टपणा केला नाही तरी आता तो बाद होणारच, हे अनघाला कळलं, आणि जिंकूनही तिला स्वतःची किळस आली. निकालाच्या दिवशी राहवेना, तेव्हा तिने यंत्र बनवणाऱ्या डॉ. लोखंडेंना गाठलं.

“मॅडम, वृत्ती मोडणारा खेळाडू वाईटच ना?”

“तुमच्या टेबलावर वाईट. तिथे वृत्ती कशाला असते? हा कसा वागेल याचा बाकीच्यांना भरवसा यावा म्हणून. आम्हाला पात्र नको, माणूस हवा. म्हणून यंत्र पत्ता वजा करतं. सज्जनाच्या पत्त्यावर केलेला चांगुलपणा शून्य, तो पत्त्याने करवून घेतलेला. दुष्टाच्या पत्त्यावर दाखवलेली दया मात्र सगळीच्या सगळी त्या माणसाची.”

“म्हणजे निषाद...”

“पहिला! सज्जनाचा पत्ता आला असता, तर तो आमच्या नजरेतही भरला नसता.”

अनघा आपल्या खोलीत परतली. त्याला अडवायला गेले आणि मीच धाडलं की! अजूनही उपाय होता. लबाडी कबूल केली की निवड रद्द. निषाद इथेच राहिला असता, पण बहिणीने आपल्याला पाडायला काय केलं, ते जन्मभर आठवत.

दार ढकलून निषाद धावतच आला. “ताई, झाली निवड! कसला पत्ता आला होता, पण शेवटी तुझाच हातगुण गं!” आणि तो पाया पडायला वाकला.

अनघाने पाय मागे घेतले, मग तसेच राहू दिले.

“सुखी राहा,” ती म्हणाली. आशीर्वाद देताना तिला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.