आरतीला थांब

सौमित्रनं बोटीचा बेत सांगितला तेव्हा मी मटार सोलत होते.

"मावशी, तुला पेटी घेऊन ताडपत्रीमागे लपायचंय."

"कुठे?"

"बोटीत. ठाण्याच्या खाडीत."

"अरे, बोटीत लपायचं वय आहे का माझं?"

"वय नसेल, पण पेटी आहे ना!" असं म्हणून त्यानं ताटलीतले मूठभर दाणे तोंडात टाकले.

सौमित्र माझ्या बहिणीचा मुलगा. राहतो कल्याणला, पण भूक लागली की डोंबिवलीला माझ्याकडे उतरतो. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि संध्याकाळी देवळात कीर्तनाला पेटीची साथ केली. लोक विचारायचे, बाई, या दोन्ही गोष्टी तुम्हाला जमतात कशा? मी म्हणायची, प्रयोगाला हात धुऊन बसायचं आणि कीर्तनालाही हात धुऊनच बसायचं, फरक काय?

माझी बहुतेक साथ त्र्यंबकबुवांना. कोपरीतल्या लहानशा विठ्ठलमंदिरात त्यांचं कीर्तन असायचं. गोड गळा, खोडकर डोळे. रुक्मिणीस्वयंवराचं आख्यान तर असं लावायचे की रुक्मिणी आपल्याच सोसायटीतली मुलगी वाटावी. पत्नी लवकर गेलेली. एकुलती एक लेक सोनल, तिला त्यांनी एकट्यानं वाढवलं. रोज संध्याकाळी तिला घेऊन ते कोळीवाड्याच्या बंदरावर जायचे आणि पाण्याकडे तोंड करून गळा साफ करायचे. "खाडीसारखा श्रोता नाही," म्हणायचे, "मध्येच उठून जात नाही."

सोनलशी लग्न करायचं सौमित्रनं ठरवलं तेव्हा तो नारळ घेऊन थेट कीर्तनालाच आला. सुरुवातीआधी बुवांच्या पाया पडला आणि एका दमात सगळं बोलून मोकळा झाला. बुवांनी त्याच्याकडे बघितलं, मागे झांज घेऊन उभ्या असलेल्या लेकीकडे बघितलं. मग हसून म्हणाले, "आधी कथा. तू आरतीला थांब, मग सांगतो."

पूर्वरंग सुरेख झाला. मध्यंतरात रिवाजाप्रमाणे बुवांना हार घातला, बुक्का लावला. नामाचा गजर झाला आणि आख्यान सुरू झालं. रुक्मिणी सज्ज्यात उभी आहे, कृष्णाच्या रथाची वाट बघते आहे. त्यावर बुवांची स्वतः रचलेली साकी होती:

*सांजावल्या वाटेवरती धूळ दिसेना काही,*
*रथ येईल म्हणून तिनेही दिवा विझविला नाही.*

पहिली ओळ त्यांनी म्हटली. दुसरी म्हटली नाही. मी सूर धरून बसले होते. बुवा कीर्तनात कधी बसत नसत. त्या दिवशी ते हळूच गादीवर बसले, उपरणं सावरलं, आणि तसेच एका अंगावर कलंडले.

रिक्षा, दवाखाना, धावपळ. देवळात परत कोणी आलं नाही. आरतीचं ताट मी तयार करून ठेवलं होतं. तुपात भिजलेली वात तशीच राहिली.

या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली होती. सोनल नोकरीवर जायची, हसायची, सौमित्रबरोबर फिरायलाही जायची. लग्नाचा विषय निघाला की मात्र खाली बघायची. एकदा माझ्यापाशी रडली. "मावशी, मला कळतं हो, बाबा नाही म्हणणारच नव्हते. पण ते काय म्हणणार होते ते मला ऐकायचं होतं. ते ऐकल्याशिवाय माझ्या तोंडून हो निघतच नाही."

म्हणून हा बोटीचा बेत. बुवांचं बंदर, बुवांची वेळ. दिव्यांच्या माळा, अंगठी, आणि ताडपत्रीमागे मी.

"ती साकी म्हण," सौमित्र म्हणाला. "जिथे थांबली होती तिथूनच पुढे. म्हणजे तिला वाटेल, कथा पुरी झाली. मग मी विचारतो."

मला ते फार आवडलं. इतकं की एक साधी गोष्ट मनात आली नाही. नवं कीर्तन नमनानं सुरू होतं. नमन न करता मधूनच उचललं, तर ते नवं कीर्तन नसतं.

जानेवारीतली संध्याकाळ होती. बंदरावर सुकटीचा आणि चिखलाचा वास. भरती पूर्ण भरलेली. तिवरांची झाडं गळ्यापर्यंत पाण्यात. बोटवाला सुदेश तिथल्याच कोळीवाड्यातला, केसांना सोनेरी रंग लावलेला. माझी पेटी बघून त्यानं सौमित्रला विचारलं, "भाई, प्रपोजल हाय का भजनी मंडळ?"

"दोन्ही," सौमित्र म्हणाला.

"मंग डबल भाडा." आणि स्वतःच खो-खो हसला.

मी मागे, इंजिनाला लागून, निळ्या ताडपत्रीआड बसले. सोनल आली. दिवे बघून म्हणाली, "अरे, हे काय? वेडा आहेस का तू?" तिच्या आवाजात किती दिवसांनी मी आनंद ऐकला. ताडपत्रीच्या फटीतून मला तिची पाठ दिसत होती, समोर बसलेला सौमित्र दिसत होता आणि त्याच्यामागे बोटीचं पुढचं टोक, नाळ, रिकामी.

खाडीच्या मध्यावर सुदेशनं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. लांब ऐरोलीच्या पुलावरून गाड्या सरकत होत्या. तिवरांवरून रोहित पक्ष्यांचा थवा उडत गेला. सौमित्रनं डोकं खाजवलं. ती खूण होती.

मी माझ्या पट्टीत, काळी चारमध्ये, सूर धरला आणि म्हटलं, "सांजावल्या वाटेवरती धूळ दिसेना काही..."

सोनलची पाठ ताठ झाली.

दुसऱ्या ओळीसाठी मी श्वास घेतला. तेवढ्यात ती ओळ म्हटली गेली.

पुरुषाचा आवाज, गोड, किंचित घोगरा. 'रथ'वर घेतलेली ती छोटी हरकत, जी मी कितीदा पेटीवर घासून बघितली आणि मला कधी जमली नाही.

मला वाटलं, सौमित्रनं जुनं रेकॉर्डिंग मिळवलं. मला न सांगता. कौतुकच वाटलं. फटीतून बघितलं तर तोही ताडपत्रीकडेच बघत होता, कौतुकानं. त्याला वाटत होतं, ते रेकॉर्डिंग मी लावलंय.

मी विज्ञानाची बाई. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार असते, आवाज खाली वळतो, लांबचं जवळ ऐकू येतं. कुठल्यातरी किनाऱ्यावर, कुठल्यातरी देवळात कोणीतरी. मी हे स्वतःला समजावत होते, आणि समजावता समजावता माझी नजर पेटीवर गेली. माझी बोटं काळी चारवर नव्हती. ती काळी एकवर होती. बुवांच्या सुरावर. कधी सरकली, कळलं नाही. भाता हलत होता.

बुक्क्याचा वास आला.

"ओ काका," सुदेश अचानक मागून ओरडला, "पुढं हुबं नका ऱ्हाऊ. नाळ दबतेय."

पुढे कोणी नव्हतं. पण नाळ खरंच दबली होती. पाणी काठाशी आलं होतं. सुदेशनं डोळे चोळले. परत हसला नाही.

सौमित्र गुडघ्यावर बसला. अंगठीची डबी उघडली. "सोनल," तो म्हणाला, "माझ्याशी..."

"शूऽऽ," सोनल म्हणाली. मांडी घालून बसली होती ती, हात जोडून. त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. "आख्यान चाललंय. मध्ये बोलू नये."

"कसलं आख्यान? सोनल, इकडे बघ ना."

"थांब रे. बाबा म्हणालेत ना तुला, आरतीला थांब."

ती टाळी द्यायला लागली. हलकी, लयीत. मला आता शब्द ऐकू येत नव्हते, फक्त सूर. तिला सगळं ऐकू येत होतं. मध्येच हसली, बुवांनी कोटी केली की हसायची तशी. मग टाळी सोडून गाल पुसले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण काय केलं: थांबलेलं कीर्तन पुन्हा सुरू केलं.

ओहोटी लागली तसं सुदेशनं न विचारताच इंजिन चालू केलं. आवाजात सूर बुडाला. बोट बंदराला लागली तेव्हा नाळ पाण्यावर मोकळी होती. मी ताडपत्री बाजूला करून उठले. "सोनल, चल. देवळात जाऊ. आरती करू. राहिलेली."

तिनं माझा हात पकडला. बर्फासारखा होता तिचा हात.

"आरती नको, मावशी."

"अगं, आरतीशिवाय कीर्तन संपत नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली.

सौमित्र अंगठीची डबी बंद करत, उघडत उभा होता.

त्यानंतर सोनल रोज कामावरून सुटली की बंदरावर जाऊन बसायला लागली. सौमित्र तिला समजावत होता, चिडत होता, एकदा तर "तुझे बाबा गेलेत, सोनल!" असं सगळ्यांसमोर ओरडला. ती शांतपणे म्हणाली, "माहितीय रे मला. मीच अग्नी दिलाय." तो विचारायचा, उत्तर कधी देणार? ती सांगायची, कथा अजून सज्ज्यातच आहे. रुक्मिणी वाट बघतेय. बाबा पुढे नेतच नाहीत, दृष्टांतावर दृष्टांत घेतात. स्वयंवर झालं की आरती करावी लागेल ना.

"म्हणजे त्यांनाच संपवायचं नाहीये," सौमित्र मला फोनवर म्हणाला. त्याचा आवाज फार थकलेला होता. "मावशी, मी कुणाशी भांडू?"

बुवांवर माझी माया होती, आजही आहे. पण जिवंत पोरांचे दिवस असे बंदराच्या पायरीवर जाताना बघवत नव्हतं. मी मनाशी ठरवलं: सोनलला आवडो न आवडो, एक दिवस जाऊन आरती करून यायची.

मध्ये माझं गुडघ्याचं दुखणं निघालं, आणि त्यात बरेच दिवस गेले. सौमित्रचे फोन कमी झाले. मला वाटलं, पोरगं सावरलं. बरं वाटल्यावर ताट लावलं, निरांजन, कापूर, काडेपेटी, आणि रिक्षानं शीळफाट्यावरून ठाण्याला गेले. बंदरावर पोचले तेव्हा खाडीवर तांबूस उजेड होता.

पायरीवर सोनल बसली होती. सौमित्रही होता.

दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा सोडलेली. दोघं टाळी देत होते. एका लयीत, एकही टाळी मागेपुढे नाही. सौमित्रला लयीचं अंग कधीच नव्हतं. लहानपणी त्याच्या टाळीनं माझी पेटी चुकायची.

"सौमित्र," मी हाक मारली.

तो वळला. चेहरा शांत होता. कित्येक दिवसांत इतका शांत मी बघितला नव्हता. "मावशी! आलीस? बस ना. मला आता ऐकू येतं."

"काय ऐकू येतं, राजा?"

"सगळं. काय सुंदर सांगतात गं! आम्हाला काही घाई नाही."

मी ताट पायरीवर ठेवलं. काडी ओढली. सोनल मला अडवेल असं वाटलं होतं. तिनं अडवलं नाही. ज्योत वातीजवळ नेली तेव्हा ती फक्त मान कलती करून म्हणाली, जसा एखादा निरोप सांगावा तशी,

"मावशी, बाबा विचारतायत, उत्तराबाईंनी पेटी का नाही आणली?"

काडी बोटापर्यंत जळत आली. बुवा मला नेहमी उत्तराबाईच म्हणत. सोनलच्या तोंडून ते नाव मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

मी काडी फुंकली.

पेटी आता बंदराजवळ, सुदेशच्या आईकडेच ठेवते. रोज डोंबिवलीहून न्यायला जड पडते. पायऱ्यांवरून सौमित्रच उतरवून देतो आणि मधल्या जागेला धक्का लागू नये म्हणून पलीकडून वळसा घालतो. सुदेश आमच्याकडे बघत नाही. मी हात धुते, बसते, काळी एकचा सूर धरते.

वात मी घरी डबीत ठेवली आहे. तूप थिजलंय. राहू दे. अजून रथ यायचाय.