मी तुझा नवरा नाही

भर वर्गात ताई ओक्साबोक्शी रडत होती आणि नेमका तेव्हाच दार ढकलून शेजारचा दातांचा डॉक्टर आत शिरला. हातात रबरी मोजे, तोंडावर मास्क. "बाई, तुम्ही उठा. आणि तुम्ही यांच्यावर ओरडणं थांबवा," त्याने समोर बसलेल्या सहशिक्षकाला दरडावलं. विद्यार्थी पोट धरून हसले.

ताई नवरा-बायकोची भांडणं सोडवायला शिकवायची. त्यासाठी दर शनिवारी वर्गापुढे भांडणाचं नाटक व्हायचं. पुढे सहशिक्षक नोकरी सोडून गेला, तेव्हा ती धीर करून शेजारी गेली.

"नवरा हवाय. फक्त शनिवारी."

"तेवढंच झेपेल मला," डॉक्टर म्हणाला.

ताईचा एक नियम होता. नाटक संपलं की दोघांनी खुर्च्या बदलायच्या आणि एकमेकांकडे बघून म्हणायचं— मी तुझा नवरा नाही, मी तुझी बायको नाही. नाटकातला राग-लोभ घरी जाऊ नये म्हणून.

तिच्या घरी मात्र सगळं यायचं. चिडला की चष्मा पुसायची त्याची सवय, समेट करताना तिच्या हातावर टेकलेला त्याचा हात, त्याचा तो साबणाचा वास… खोटं खोटं जवळ बसलं तरी मन ते खरं धरतं, हे तीच फळ्यावर लिहायची. मग हे प्रेम, की नुसता सराव? दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिने तासभर समजावलं असतं. स्वतःला काय सांगणार, कपाळ. आठवडाभर ती शहाण्यासारखी वागायची आणि शनिवारी भांडायला नटून जायची.

मग एका शनिवारी तो म्हणाला, "दवाखाना हलवतोय. पार दुसऱ्या टोकाला. आजचं शेवटचं भांडण."

"मग नीट भांडू," ती म्हणाली.

"तुला दिवसभरात माझी आठवण तरी येते?" नाटकातल्या बायकोने विचारलं.

"येते. लोकांचे दात काढताना येते."

वर्ग हसला. तिला हसू आलं नाही.

दोघं उठले, खुर्च्या बदलल्या. "मी तुझा नवरा नाही," तो म्हणाला. अगदी स्वच्छ, नेहमीसारखं. तिला ते फार लागलं.

आता तिची पाळी. विद्यार्थी वाट बघत होते. "मी तुझी…" एवढ्यावरच ती अडली.

"मला नाही म्हणवत," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला बरं जमतं."

डॉक्टरने चष्मा काढला आणि पुसत राहिला. "घरून निघाल्यापासून घोकत येतो. तेव्हा कुठे जमतं."

तो हळूच आपल्या आधीच्या खुर्चीत, नवऱ्याच्या खुर्चीत, जाऊन बसला.

"भांडण अर्धं राहिलंय," तो म्हणाला. "पण पुढच्या शनिवारपर्यंत माझ्याने धीर धरवणार नाही. उद्या चहाला… याल?"

"येईन," ती म्हणाली. आणि समोरच्या खुर्चीत बसली.