उमरावाच्या नावाची वात

एव्हन नदीच्या काठी, मठाच्या भिंतीला लागून अल्डिथचं मेणबत्त्यांचं दुकान होतं. गावात कुणी अंथरुणाला खिळलं की घरचे तिला बोलावून न्यायचे. आजाऱ्याच्या टाळूपासून टाचेपर्यंत सुती दोरा धरायचा, ‘संतमहाराज, हा देह तुमचा’ म्हणून गाठ मारायची आणि तोच दोरा वात करून मेणात बुडवायचा. मग माणसाएवढ्या त्या मेणबत्तीचं वेटोळं संताच्या थडग्यापाशी जळत राही, आणि देवाच्या मनात असलं तर ती संपेतो माणूस उठून बसे. अल्डिथची या नवसावर श्रद्धा होती आणि तेवढाच आपल्या हातावर भरवसा. चाळीस वर्षांत तिचं माप कधी चुकलं नव्हतं.

त्या ऑगस्टात तिचा धाकटा भाऊ ऑस्बर्न तापानं पडला. नवरा कधीच गेलेला, पोटी मूल नाही. जगात तिचं म्हणावं असं एवढंच एक माणूस. चार दिवसांत पाण्याचा घोटसुद्धा त्याच्या गळ्याखाली उतरेना.

तीनच आठवड्यांपूर्वी पुलापलीकडच्या कुरणात राजाच्या फौजेनं बंडखोर उमरावाला मारलं होतं. राजानं एकट्याच्या मर्जीनं राज्य हाकू नये म्हणून तो उभा ठाकला, तेव्हा याच गावानं त्याच्या वाटेवर फुलं टाकली होती. आता तेच गाव राजाच्या नावानं घंटा बडवत होतं. उमरावाचं डोकं भाल्यावर चढवून कुठल्याशा गढीवर नजराणा म्हणून धाडलं. उरलेलं धड साधूंनी मठाच्या फरशीखाली पुरलं, वर नावही कोरलं नाही. त्याला संत म्हणेल त्याच्या पाठीची सालटी काढू, अशी दवंडी होती. ऑस्बर्न राजाच्या बाजूनं लढला होता. परतला तेव्हा कमरेला चांदीच्या बकलाचा नवा पट्टा होता.

अल्डिथनं त्याला संत वुल्फस्टनच्या नावानं मापलं. मेणबत्ती तयार झाली, ती सहज त्याच्या अंगाशेजारी ठेवली. टाचेला एक टोक लावलं, तर दुसरं गळ्याशीच संपलं. बरोबर एक वीत कमी.

गाठ मारताना दोरा घसरला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी मेरीमातेच्या नावानं मापलं. गाठ मारेपर्यंत दोरा पुरा होता. गाठ मारून पुन्हा धरला, तर गळ्यापर्यंतच. दाराची चौकट मापली, स्वतःला मापलं. ती मापं तसूभरही हलली नाहीत.

“वय झालं तुझं. हात कापत असतील,” शेजारची गनिल्ड म्हणाली.

“तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तुझी जीभ बरी कापत नाही ती?”

गनिल्ड हसली. मग दार लोटून घेऊन हळूच म्हणाली, “अगं, माप बरोबरच आहे. संत चुकतोय. गिरणीवाल्याच्या सुनेनं तिची आंधळी पोर त्याच्या नावानं मापली. आता अंगणातल्या कोंबड्या रंगांनी ओळखते.”

“कुणाच्या नावानं?”

गनिल्डनं नाव घेतलं नाही. मठाच्या बाजूला नुसती मान वळवली.

ऑस्बर्ननं ते ऐकलं होतं. “ताई, तो नको. दुसरा कुणीही बघ.”

“का रे?”

“मारलं दुसऱ्यांनी. कापलंही दुसऱ्यानंच. मी फक्त केस धरून ठेवले होते.”

“तेव्हा तो मेलेला होता ना?”

ऑस्बर्ननं भिंतीकडे तोंड केलं.

अल्डिथनं पांघरुणाबाहेर आलेल्या त्याच्या हातांकडे पाहिलं. या हातांना तिनं घास धरायला शिकवलं होतं. पण देवाच्या पायाशी पोहोचलेला माणूस वैर कशाला धरील? आणि धरलंच, तर तिनं दुसऱ्या कुठल्या दारी जावं? संध्याकाळी तो ग्लानीत असताना तिनं दोरा काढला.

“उमरावमहाराज, हा देह तुमचा.”

गाठ बसली. टाळू ते टाच, दोरा पुरा भरला. तिनं तीनदा पाहिलं.

सकाळच्या प्रार्थनेनंतर वेटोळं झग्याआड घालून ती मठात गेली. फरशी झाडणाऱ्या साधूनं तिला पाहिलं आणि पाठ फिरवली.

तिनं त्या बिननावाच्या फरशीवर वात पेटवली. दार उघडं होतं, वारा आत येत होता. ज्योत हलली नाही.

तीन दिवस पुरावी अशी ती मेणबत्ती. दुपारची घंटा झाली तेव्हा फरशीवर नुसता मेणाचा डाग उरला होता.

ती धावतच घरी आली.

ऑस्बर्न टेबलापाशी ताठ बसला होता. ताप नव्हता. गालांवर रंग होता. अल्डिथनं डोळे मिटून देवाचे उपकार मानले आणि त्याच्यापुढे पाव आणि चीज ठेवलं.

त्यानं पावाला हात लावला नाही. सौम्यपणे काहीतरी बोलला. भाषा फ्रेंच होती, दरबारातल्या लोकांची. ऑस्बर्नला त्या भाषेतल्या दोन शिव्यांपलीकडे काही येत नव्हतं.

“ऑस्बर्न?” तिनं हाक मारली.

त्यानं मागे वळून पाहिलं, दाराशी कुणी आलंय का म्हणून.

मग त्यानं दोन्ही हात टेबलावर पुढे धरले, तळवे वर करून. जेवणाआधी हातांवर नोकरानं पाणी घालावं, याची तो शांतपणे वाट पाहत राहिला.