दोन्हीकडचे तपासनीस

फुलसावंगीच्या ग्रामपंचायतीत प्लग एकच होता, आणि त्याच्याकडे एकाच वेळी दोन हात गेले.

"घ्या तुम्ही," राजदीप म्हणाला.

"नको... तुम्ही सरकारकडचे ना? आधी सरकार!" उर्वशी हसली.

सौर प्रकल्पाचा परवाना रद्द झाला म्हणून एक परदेशी कंपनी भारत सरकारविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादात गेली होती. गावातल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीतल्या साक्षी कृत्रिम बुद्धिमत्ता ऐकायची आणि इंग्रजीत उतरवायची. ते बरोबर उतरलंय का, हे दोन्हीकडच्या एकेका माणसाने तपासायचं. उर्वशी कंपनीकडून. ती तांड्यावरचीच. राजदीप तांड्याशेजारी वाढलेला, म्हणून बोली त्यालाही यायची.

काही दिवसांनी तांड्यावरच्या चंदाबाईची साक्ष आली. गावाने जमीन राजीखुशीने दिलीच नव्हती, म्हणून परवाना रद्द केला, असं सरकारचं म्हणणं. 'खुशीनं दिली का?' या प्रश्नानंतर रेकॉर्डिंगमध्ये नुसत्या बांगड्या किणकिणल्या... बराच वेळ. मग 'हो'. मशीनने तेवढा 'हो' लिहिला होता.

राजदीप काही बोलणार, तोच उर्वशीने पुढे टाईप केलं — 'बराच वेळ गप्प राहून.'

"तुमच्या कंपनीले जड जाईन हे."

"जाऊ द्या. चंदायाडी गप्प बसली होती ना? मग तेही लिहायलाच पाहिजे."

कानामागे बट सारून ती पुढच्या ओळीकडे वळली. राजदीपला मात्र पुढची ओळ दिसेना.

साक्ष झाली तरी चंदाबाई रोज चहा घेऊन यायची. सोयाबीन वाळत घातल्याचा वास तिच्यामागून आत यायचा.

"काहून रे पोरा, मशीनकडं पाहून राह्यला का तिच्याकडं?"

"मशीनकडंच, बाई."

"मंग मशीन इकडं हाय ना!"

उर्वशीने कपात तोंड लपवलं.

एका सकाळी राजदीपने लॅपटॉप उघडलाच नाही.

"मी आमच्याकडच्या सरांना फोन केला. माझ्या जागी दुसरा येईन."

"कायले? काय चुकलं?"

"नियम आहे ना... तपासनिसांत काही नातं असलं तर सांगून टाकायचं. लपवलेलं निघालं तर साऱ्या साक्षी बाद. चंदाबाईचीही."

"पण आपलं तर..." ती अडखळली.

"तुमच्याकडून नसंल. मी माझ्याकडचं सांगितलं." तो खाली पाहत होता. "तुमचं काम सुटू नये. म्हणून तुमच्याकडून काही नाही, असंच सांगितलं."

बॅग खांद्याला लावून तो पायरीपर्यंत पोचला... आणि मागून तिचा आवाज आला. फोनवर, कंपनीकडच्या सरांशी.

"सर, उर्वशी बोलतेय. माझ्या जागीही कुणी पाठवा... हो सर, नातं आहे... समोरच्या तपासनिसाशी."

राजदीप वळला. ती त्याच्याकडेच पाहत होती.

"कधीपासून? — एक मिनिट हं सर. त्याला अजून सांगितलं नाही."