काटा अठ्ठावीसवर!

"अठ्ठावीस!" भोंगा ओरडला. "ताई, काटा अठ्ठावीसवर!"

त्याला भोंगा का म्हणतात, हे आजूबाजूच्या तीन घरांना सांगावं लागत नसे. ताई वही घेऊन धावतच आली. वय वर्षं बारा, पण पेन्सिलीच्या तुकड्याचाही हिशेब ठेवायची, म्हणून सगळे तिला हिशेबनीस म्हणत. तिने खारटपणा मोजायची प्लॅस्टिकची डबी टाकीत बुडवून पुन्हा भरली आणि टिचकी मारून बुडबुडे उडवले. काटा डगमगला, आणि बरोब्बर अठ्ठावीसवर येऊन थांबला.

"रविवारी पंचवीस, काल सव्वीस, आज अठ्ठावीस! मीठ कोणी घातलं?"

"मी नाही!"

"मीही नाही," चष्मा पुसत मास्तर म्हणाला. हा शेजारचा मुलगा. कारण कळल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

प्रकरण साधं नव्हतं. सुट्टी लागली त्याच दिवशी तिघांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंची मासे ठेवायची जुनी काचेची टाकी मिळवली होती. मोबदला म्हणून रद्दीचे अकरा गठ्ठे तीन जिने खाली उतरवले होते. खडखडणारा पंप मास्तरच्या आत्याच्या अडगळीतला. नवं काय ते फक्त पाणी गरम ठेवणारी कांडी आणि समुद्री मिठाची पिशवी. तेवढ्यात तिघांच्या वाढदिवसांची सगळी कमाई संपली. मग माशाला मानवावं म्हणून महिनाभर पाणी मुरवलं.

राहिला मासा, आणि त्याला पैसे नव्हते. मासेवाल्या काकांच्या दुकानात एक नारिंगी समुद्री मासा होता. बाजूचा एक पर फाटका, म्हणून वाकडा पोहायचा. गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून पुढे जायचं. मुलांनी त्याचं नाव तिरप्या ठेवलं होतं.

"शनिवारी मालाची गाडी येते. न खपलेला माल परत जातो," काका म्हणाले होते. "रविवार ते शनिवार काटा पंचवीसवर, म्हणजे समुद्राइतकाच खारट, ठेवून दाखवा. तिरप्या तुमचा, फुकट!"

आज मंगळवार.

"पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं," मास्तर बोटं मोजत म्हणाला. "म्हणून तर आपण रोज दुपारी साधं पाणी घालतो. पण हे बघ! रात्रीतून पाणी बोटभर उतरायला हवं. ते तर खुणेच्या पट्टीपर्यंत भरलेलं आहे!"

"म्हणजे सकाळी कुणीतरी भरतंय!" भोंगा किंचाळला.

"हळू रे! चोराला निमंत्रण देतोस का?" ताई म्हणाली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अरे, मिठाची बरणी कोणी रिकामी केली? रविवारी भरली होती मी!"

हिशेबनीसने वहीत एक रेघ ओढली. मग तिचं लक्ष खिडकीतल्या कुंडीकडे गेलं. रोपाने मान टाकली होती आणि मातीवर पांढरी साय धरली होती. तिने बोट लावून चाखलं. "शी! खारट!"

कुंडीशेजारी झाडांना पाणी घालायचा काळ्या दांड्याचा मग होता. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरात भल्या पहाटे उठणारा माणूस एकच: सुट्टीसाठी आलेले मामा. ते वीस वर्षं जहाजावर कोठारपाल होते, आणि तेव्हापासून समुद्र आपल्यालाच विचारून भरती-ओहोटी करतो, अशी त्यांची समजूत होती.

"विचारू या?" भोंगा म्हणाला.

"पुराव्याशिवाय? परवा ते सोंगट्यांत हरले, ते तरी कबूल केलंय का अजून?" हिशेबनीस म्हणाली.

मास्तरने पेन्सिलीचं शिसं घासून काळीकुट्ट पूड केली. झोपण्यापूर्वी हिशेबनीसने ती मगाच्या दांड्याला चोळली. काळ्यावर काळं, दिसणार कुणाला?

बुधवारी सकाळी मामा टेबलाशी चहा पीत होते. गप्पा रंगात आल्या की टकलावरून हात फिरवायची त्यांना सवय. आज गप्पा चांगल्याच रंगल्या असाव्यात. टकलावर पाच काळ्या बोटांचे पट्टे उठले होते!

आईने पाहिलं आणि तिच्या हातातला पाव चहात पडला. भोंग्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"मामा," हिशेबनीसने आरसा पुढे धरला, "टाकीत मीठ घालता ना?"

मामांनी आरशात पाहिलं. मग बोटांकडे. "घालतो! बरं झालं म्हणा! समुद्री टाकी, आणि त्यात साधं पाणी ओतता? दोन मुठी मीठ विरघळवून घालतो मी. उरलं की कुंडीला. वीस वर्षं समुद्र पाहिलाय!"

तेव्हा भोंगा जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "मामा, समुद्रावर पाऊस पडतो, तो खारट असतो का हो?"

आई पदरात तोंड लपवून हसू लागली.

"वीस वर्षांत," मामा शेवटी म्हणाले, "हे कुणी विचारलं नाही मला." आणि स्वतःच बादली घेऊन आले.

तिघांनी अर्धी टाकी उपसली. पिशवीच्या तळाचं समुद्री मीठ चमच्याने खरवडून नवं पाणी केलं. संध्याकाळी काटा पंचवीसवर! गुरुवारी पंचवीस, शुक्रवारी पंचवीस.

"आता ते सव्वीस-अठ्ठावीस खोडून टाका," मामा कुजबुजले. "कोण बघतंय?"

"वही बघतेय," हिशेबनीस म्हणाली. तिने वही मिटून काखेत मारली.

शनिवारी दुकानासमोर गाडी उभी होती. काकांनी मुलांनी बाटलीतून आणलेलं टाकीचं पाणी आपल्या यंत्राने तपासलं. पंचवीस. मग वही उघडली.

"हे काय? सोमवारी सव्वीस, मंगळवारी अठ्ठावीस. बुधवारी सकाळी एकोणतीस! अट मोडली की!"

"मोडली," हिशेबनीस म्हणाली. "पुढच्या पानावर कारण आहे."

काकांनी पुढचं पान वाचलं. पाच बोटांच्या टकलाचं चित्रही पाहिलं. मग असे हसले की गाडीवाला आत डोकावला.

"वीस मुलांनी माझ्याकडून मासे नेऊन टाक्या मांडल्या. सगळ्यांच्या वहीत रोज पंचवीस, आणि आठवड्यात मासे मेलेले! चुकलेला आकडा लिहिणारी तू पहिलीच, पोरी. अशाच घरी मासा जगतो. ने तिरप्याला!"

त्या संध्याकाळी मामांनी आपला जहाजावरचा, कान तुटलेला चिनी मातीचा कप धुऊन टाकीत ठेवला. तिरप्या वाकडा-तिकडा पोहत आला, आत शिरला आणि तिथूनच घरमालकासारखा बाहेर बघू लागला.

"शाबास रे पोरांनो!" आई म्हणाली. "पण माझी मिठाची बरणी?"

हिशेबनीसने वही काढली. "लिहिलीय. मामांच्या नावावर."